नवी गाडी, जुनी चासी: रॅम्पवर चढवली आणि पोटात गोळा आला

दहिसरकर | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण कालपासून डोक्यात एकच भुंगा फिरतोय म्हणून पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात आई-बाबा, बायको आणि सहावीतला मुलगा. सोसायटीत पार्किंगची एकच चौकट, तीही खांबाला चिकटून, त्यामुळे चार मीटरच्या आतलीच गाडी हवी. गणपतीला आणि मे महिन्यात चिपळूण, बाकी वर्षभर दहिसर ते अंधेरी, म्हणजे दुसऱ्या गिअरचा संसार. दोन महिने शोरूम पालथी घालून एक मॉडेल ठरवलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीच्या बाजूचे आणि विरोधातले असा रंगेल. एवढंच सांगतो, की माझी तेरा वर्षांची जुनी गाडी त्याच कंपनीची आहे. नव्या मॉडेलबद्दल सेल्समन पोरगा म्हणाला, "सर, ऑल न्यू आहे. खालपासून वरपर्यंत नवीन. जुन्याचा एक स्क्रू नाही." अकरा हजार भरून मोकळा झालो.

काल टेस्ट ड्राइव्हला गाडी घरी आली. पोराला आईने चहा-पोह्यांना बसवलं आणि मी गाडी थेट आमच्या मेकॅनिक काकांकडे नेली. माझी जुनी गाडी तिथे ब्रेकच्या कामाला लागलेलीच होती. काकांनी नवीन गाडी रॅम्पवर घेतली, टॉर्च मारला, मागच्या ॲक्सलपाशी दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, ही तर तुझीच गाडी. फक्त लुगडं बदललंय."

आणि दाखवलंच की. ॲक्सल जिथे बॉडीला धरतो ती जागा तीच. सायलेन्सर लटकतो ते हूक तेच. पुढच्या लोअर आर्मवर (चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) कोरलेला नंबर जुन्या गाडीशी ताडून पाहिला, शेवटची दोन अक्षरं तेवढी वेगळी. शिवाय फ्लोअरला तीन-चार भोकं, रबरी बुचं मारून बंद केलेली. काकांच्या मते तिथे जुन्या मॉडेलचे ब्रॅकेट यायचे.

तर प्रश्न असा: ही फसवणूक आहे का? बुकिंग रद्द करू का?

बंपरटूबंपर | रविवार, रात्री १०.५८

करा रद्द. यात विचारायचं काय? शिळ्या भाताला फोडणी देऊन ताज्या पुलावाचा भाव लावायचा धंदा आहे.

आगाऊ | रविवार, रात्री ११.०५

आलो. शेंगदाणे घेऊन बसलोय. चासी की चॅसी की शॅसी, हे आधी ठरवा, मग भांडा.

कुर्ला_गेट | रविवार, रात्री ११.५०

दहिसरकर, धागा काढलात ते बरं केलंत. आमच्या घरात हा विषय जेवणाच्या ताटावरचा होता. वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात, प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे. लहानपणी मला वाटायचं, की पद्मिनी ही जगात फक्त कुर्ल्यालाच जन्माला येते. आठवीत असताना एकदा मी "आपली गाडी" म्हणालो, तर बाबा हसले. म्हणाले, आपली फक्त मेहनत रे, साचा इटलीचा.

तो साचा कधीचा, तर ऐका. फियाटने ११००-१०३ आणली १९५३ मध्ये. तीच आपल्याकडे आली, गोलमटोल, जिला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. त्याच घराण्यातली ११००-डी इटलीत १९६२ ला आणि आपल्याकडे १९६४ ला आली, तिला इथे डिलाइट म्हणायचे. पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. जाळी बदलली, दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलला, डिझेल इंजिनही आलं. बाबांच्या भाषेत, नाकडोळे बदलायचे, हाडं तीच. चालत्या पद्मिनीची जाळी आणि मागचे दिवे बघून ते साल सांगायचे, दादरला टिळक पुलावर उभं राहून आम्ही पैजा लावायचो. एखाद-दुसऱ्या वर्षाचा फरक पडायचा, जास्त नाही.

आणि ती हाडं किती टिकली? शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपताना ती रस्त्यावरून गेली. म्हणजे १९५३ च्या घराण्याची गाडी मुंबईने २०२३ पर्यंत भाड्याने वापरली. आपल्यापैकी कितीजण परीक्षेला, इंटरव्ह्यूला, नाहीतर बाळंतपणाला त्याच साच्यात बसून गेलो असू. कोणी विचारलं होतं का, प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, कुठल्या सालचा म्हणून? हँडलवरचा गिअर पडतोय ना, मग चला.

बाकी बुकिंगचं काय करायचं ते जाणकार सांगतील. मी पडलो कुर्ल्याचा, माझं मत भावनेपोटी जाणार.

पार्लेकर_आजोबा | सोमवार, सकाळी ६.२०

कुर्ला_गेट यांचा प्रतिसाद वाचून झोप उडाली (वयाने तशीही उडालेलीच असते). त्याच कुर्ल्याची दुसरी कथा सांगतो.

१९८५ च्या आसपास मारुतीने सगळ्यांची झोप उडवलेली. तेव्हा प्रीमियरने '११८ एनई' आणली. आम्हां पार्लेकरांना वाटलं, आली बुवा आधुनिक गाडी. चौकोनी, ऐसपैस, फ्लोअरवर गिअर. मी घेतली आणि चौदा वर्षं चालवली, नाव ठेवायला जागा नाही. पण ती अंगाने होती फियाट १२४, मूळ आराखडा १९६६ चा. 'एनई' म्हणजे निसान इंजिन, ११७१ सीसीचं. इटालियन अंग, जपानी हृदय, कुर्ल्याचं पाणी. रशियातली लाडा याच फियाट १२४ वरून निघालेली, १९७० पासून. म्हणजे माझी गाडी आणि मॉस्कोतल्या टॅक्सी मावसबहिणी.

त्याच सुमारास आलेली काँटेसा म्हणजे इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉलची सत्तरच्या दशकातली गाडी, तिकडे तिचं उत्पादन थांबल्यावर इकडे आलेली. अँबॅसेडरचं तर सांगायलाच नको, मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. १९५७ ला सुरू झाली ती बंगालमधल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत निघत होती. आमच्या पिढीला तिकडची उतरवलेली गाडी इकडे 'नवीन' म्हणूनच मिळायची, आणि तीही रांगेत उभं राहून. तुमची पिढी भाग्यवान, निदान रॅम्पवर चढवून बघता तरी येतं.

दहिसरकर | सोमवार, सकाळी ९.१५

लोकलमधून लिहितोय. पार्लेकर काका, कुर्ला_गेट, धन्यवाद. पण तेव्हा पर्यायच नव्हता, आज आहे. आणि एक विचारायचं राहिलं. चासी नंबरवरून कळतं का, की खालचा आराखडा किती जुना आहे? आरसीवर असतो तो.

पाना_पक्कड | सोमवार, रात्री ९.३०

दिवसभर वाचत होतो, आता निवांत लिहितो. मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, घर डोंबिवलीला.

चासी नंबरचं आधी. त्यावरून काही कळणार नाही. सतरा अक्षरं-आकडे असतात, पहिली तीन कंपनीची: मारुतीची एमए३, टाटाची एमएटी, महिंद्राची एमए१. पुढे मॉडेल, इंजिन, कारखाना, बनवल्याचं साल वगैरे. गाडी कधी बनली ते कळतं, आराखडा कधी काढला ते नाही. जन्मदाखल्यावर आजोबांचं वय नसतं.

आता चासी. खरी चासी म्हणजे ट्रकला असते तशी शिडी: दोन लांब पोलादी तुळया, मधे आडव्या पट्ट्या, वर बॉडी बोल्टने बसवलेली. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, सुमो, जुनी सफारी या त्या जातीच्या. त्यातली सुमो (१९९४) आणि जुनी सफारी (१९९८) टाटांच्या टाटामोबिल पिकअपच्या कुळातल्या. शिडीवर नवीन घर बांधणं सोपं पडतं, म्हणून हा प्रकार तिथे पूर्वीपासून चालतो.

तुमची चार मीटरची गाडी मोनोकॉक असणार. तिला वेगळी चासी नसते. पत्र्याचे शेकडो भाग स्पॉट वेल्डिंगने जोडून एकच खोका होतो, त्या खोक्यालाच सगळं लटकतं. तिथे 'प्लॅटफॉर्म' म्हणजे खालचा फ्लोअर, इंजिन आणि केबिनमधली भिंत, पुढच्या दोन तुळया आणि सस्पेन्शन धरायच्या जागा. वरच्या भागाला आमच्यात 'टॉप हॅट' म्हणतात. काकांचं लुगडं मला जास्त आवडलं.

यात काही बिंदू असतात, हार्ड पॉइंट म्हणतात त्यांना: चाकांच्या जागा, पेडल कुठे, माणसाचं बूड सीटवर किती उंचीला टेकतं, काचेचा खालचा काठ, दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा. हे बिंदू हलवले की साचे नवे, जिग (वेल्डिंगला भाग धरून ठेवणाऱ्या चौकटी) नवे, चाचण्या नव्या, आणि खर्च एकदम वर. म्हणून कंपन्या बंपर, दिवे, बॉनेट, डॅशबोर्ड खुशाल बदलतात, आणि या बिंदूंना शक्यतो हात लावत नाहीत.

आता तुमची भोकं. इथे मात्र काका थोडे घाईत बोलले. बॉडी तयार झाली की ती आख्खी रंगाच्या हौदात बुडवून काढतात, विजेच्या प्रवाहावर रंग आतल्या कोपऱ्यांत बसतो. बाहेर काढल्यावर आतला द्राव निथळायला वाट लागते, त्यासाठी फ्लोअरला भोकं ठेवलेली असतात, नंतर त्यांना बूच मारतात. काही भोकं वेल्डिंगच्या जिगवर खोका नेमका बसवण्यासाठी. कोऱ्या करकरीत आराखड्याच्या गाडीलाही अशी दहा-वीस सापडतील. त्यामुळे बुचं हा पुरावा नाही. फोटो असेल तर टाका.

लोअर आर्मचा नंबर मात्र पुरावा आहे. शेवटची अक्षरं बदलली म्हणजे तोच भाग, सुधारित आवृत्ती.

राहिला मुद्दा फसवणुकीचा. प्लॅटफॉर्म जुना असणं ही लपवाछपवी नाही, सगळं जग तेच करतं. "जुन्याचा एक स्क्रू नाही" हे वाक्य मात्र त्या पोराने घशातून काढायला नको होतं.

बंपरटूबंपर | सोमवार, रात्री ९.५२

पानासाहेब, तुम्ही आतले, म्हणून गोड बोलताय. साच्याचा पैसा दहा वर्षांपूर्वी वसूल झाला ना? मग गाडीची किंमत नव्या आराखड्याची का? आणि सुरक्षिततेचं काय? २०१० च्या आधीच्या डोक्याने बनवलेला खोका २०२५ च्या समृद्धीवर १२० ने पळणार, त्यात सहा एअरबॅग टाकल्या म्हणजे झालं?

मीच_ती | सोमवार, रात्री १०.१०

वसईहून. मी बेकरीचा माल पोचवते, स्वतः चालवते, गाडी ईको. तुम्ही जे भांडताय ते मी रोज चालवते, म्हणून बोलते.

२००१ ला मारुतीने व्हर्सा आणली होती, बच्चन बाप-लेकांची जाहिरात, आठवते? आपटली. पुढे २०१० ला तिच्याच सांगाड्यावर सगळी चैन काढून ईको आली, आणि धंदेवाल्यांनी डोक्यावर घेतली. माझ्या गल्लीत सात आहेत: अंडीवाला, फुलवाला, शाळेची, दोन केटरिंगवाले, मी आणि एक भजनी मंडळ. सीएसटी रोडला कुर्ल्यात जा, कुठल्याही दुकानात "ईकोचा अमुक" म्हटलं की तो शिडी न लावता खालच्या फळीवरून काढून देतो. माझी गाडी दोन दिवस बंद राहिली तर पाव वाया जातो. मला नवा आराखडा नको, खालच्या फळीवरचा पार्ट हवा.

बंपरभाऊंचा सुरक्षिततेचा मुद्दा मात्र खरा आहे. ईकोला ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षिततेचे पाचपैकी तारे देणारी संस्था) २०१६ ला शून्य दिला होता, हे मला माहीत आहे. म्हणून मी घाटात जात नाही आणि हायवेवर डावी लेन सोडत नाही. दहिसरकरांना चिपळूणला जायचंय, त्यांनी माझं ऐकून निर्णय घेऊ नये.

सातारी_तर्री | सोमवार, रात्री १०.३५

+१ मीच_ती.

माझ्याकडे व्हेरिटो होती, नाशिकची. २००७ ला महिंद्राने रेनोबरोबर लोगान आणली, भागीदारी मोडल्यावर २०११ पासून तीच व्हेरिटो. दोन वर्षांनी तिची डिकी कापून चार मीटरच्या आत बसवली, व्हेरिटो वाइब. २०१६ ला बॅटरी घालून ई-व्हेरिटो. एका फ्लोअरवर तीन संसार! आणि ज्या डस्टरने २०१२ ला रस्ता अडवला होता ती त्याच लोगानच्या प्लॅटफॉर्मवरची, हे किती जणांना माहीत होतं? डस्टरवाल्याला सिग्नलला सांगितलं की तुझी आणि माझी पत्रिका एकच, तर काच वर करायचा. हलके घ्या.

डिकी कापायचं कारण सरकारी. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या आली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. कर कमी. तेव्हापासून आपल्याकडे डिकी कापायची साथ आली. पहिली डिझायर (२००८) चार मीटरच्या वर होती, दुसरी (२०१२) ३९९५ मिलिमीटर. झायलो कापून क्वांटो. २००९ ची प्रीमियर रिओ आठवते? ती मुळात दैहात्सू टेरिओस, १९९७ ची, चीनमार्गे पिंपरीला आलेली. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतही तीच पट्टी: आत असाल तर १८ टक्के, बाहेर गेलात तर ४०. त्यामुळे ही कापाकापी अजून बरीच वर्षं चालणार.

आगाऊ | सोमवार, रात्री १०.४१

म्हणजे पॅंट जुनी, फक्त बर्म्युडा करून विकतात.

पाना_पक्कड | मंगळवार, रात्री १०.००

बंपर, किमतीचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. वाचलेला पैसा कंपनी टचस्क्रीनमध्ये, सनरूफमध्ये आणि स्वतःच्या खिशात टाकते. ग्राहकाला त्यातला किती मिळतो, तुम्हीच बघा.

सुरक्षिततेबद्दल मात्र जरा थांबा. वय बघून निकाल देऊ नका. तीन-चार उदाहरणं घ्या.

नेक्सॉन २०१७ ला आली ती टाटांच्या एक्स-१ प्लॅटफॉर्मवर. हा इंडिका व्हिस्टाचा, म्हणजे २००८ चा. व्हिस्टा, मांझा, झेस्ट, बोल्ट सगळ्या त्यावरच्या. ऑगस्ट २०१८ ला तिला ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, मग सुधारणा करून डिसेंबरमध्ये पाच. भारतात बनलेली पहिली पाच ताऱ्यांची गाडी, आणि मूळ फ्लोअर दहा वर्षांचा.

उलट बाजू. मारुतीचा हार्टेक्ट प्लॅटफॉर्म तसा अलीकडचा, आपल्याकडे २०१५ च्या बलेनोपासून. त्यावरच्या वॅगन-आरला २०२३ ला एक तारा, आणि अहवालात बॉडीशेल अस्थिर असा शेरा. त्याच हार्टेक्टवरच्या नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ ला पाच. घराणं एक, निकाल दोन टोकांचे.

शिडीवाल्यांतही तेच. जुन्या स्कॉर्पिओला २०१६ ला शून्य, नव्या फ्रेमवरच्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ ला पाच. टीयूव्ही ३०० चं नाव बदलून आलेल्या बोलेरो निओला २०२४ ला एक. म्हणजे नुसतं लुगडं बदललं तर काय होतं, हेही त्यातच आलं, बंपर. तुमची भीती हवेतली नाही.

फरक कुठे पडतो? दोन दारांमधला खांब, छताची कड, पुढच्या तुळया. तिथला पत्रा कुठला आणि किती जाडीचा, यावर खेळ आहे. हल्ली काही भाग नऊशे अंशांपर्यंत लालभडक तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच थंड करतात. पत्रा तोच दिसतो, पण ताकद साध्या पोलादाच्या कितीतरी पट. आमच्याकडे असा वाया गेलेला तुकडा ड्रिलने भोक पाडायला घेतला होता एका नवीन पोराने, ड्रिलचं टोक निळं पडलं, भोक नाही पडलं.

आणि हे रॅम्पवरून दिसत नाही. काकांचा टॉर्च खालून मारलेला, हा पोलाद दाराच्या खांबात, प्लॅस्टिकच्या आवरणामागे. त्यामुळे खालचं हूक बघून घाबरू नका आणि वरचा टचस्क्रीन बघून भुलूही नका. तुम्ही घेताय त्याच मॉडेलची, त्याच सालची क्रॅश चाचणी झालीय का, एवढं बघा. भारत एनकॅप, म्हणजे आपल्याकडची तशीच चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. आधीच्या पिढीचे तारे नव्या पिढीला चिकटवून सांगत असेल तर शोरूममधून बाहेर या.

जुन्या फ्लोअरचा तोटा नसतो असं नाही. हॅरियर २०१९ ला आली ती लँडरोव्हरच्या डी-८ वरून बेतलेली. सुरुवातीला स्टीअरिंग हायड्रॉलिक, इलेक्ट्रिक यायला २०२३ उजाडलं. नेक्सॉनची पहिली इलेक्ट्रिक निघाली तेव्हा बॅटरी पेट्रोल गाडीच्या फ्लोअरमध्ये मावेल तशी मावून घेतली. डाव्या स्टीअरिंगसाठी काढलेल्या आराखड्यात हँडब्रेक आणि बॉनेटची कळ आपल्या चुकीच्या बाजूला राहते. अशा गोष्टी कागदावर नसतात, बसल्यावर कळतात.

पार्लेकर_आजोबा | मंगळवार, रात्री १०.२०

उत्तम प्रतिसाद. छापून ठेवतो. नातू म्हणतो छापायचं नसतं, सेव्ह करायचं असतं.

दहिसरकर | शुक्रवार, रात्री ११.१५

उशीर झाल्याबद्दल माफी. फोटो पाना_पक्कड यांना खाजगी निरोपातून पाठवले होते. निकाल: चारपैकी तीन भोकं रंगाचा द्राव निथळायची, एक परदेशात जाणाऱ्या आवृत्तीसाठी. जुन्या ब्रॅकेटचं एकही नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बरं, माझं चुकलं. पण लोअर आर्म?" त्यांच्याकडे माझ्या जुन्या गाडीच्या लोअर आर्मला आणलेली बुशची (सांध्यातल्या रबरांची) एक जोडी पडून होती. नवीन गाडीच्या आर्मला तीच बसते, हे त्यांनी दुकानदाराकडून फोनवर वदवून घेतलं. आता ते खूश आहेत, म्हणतात घे गाडी, पार्टचं टेन्शन नाही.

काल शोरूमला गेलो. पोराला सरळ विचारलं, प्लॅटफॉर्म जुनाच आहे ना? तो चुळबुळला, आतून सीनियरला घेऊन आला. सीनियर मोकळा माणूस निघाला. म्हणाला, हो सर, आधीचाच, पुढच्या तुळया आणि मधले खांब बदललेत. चाचणी झालीय का? व्हायचीय. तारे किती येतील? हसला. म्हणजे आधी चाचणी बघा म्हणणारे पाना_पक्कड बरोबर होते, निकाल येईपर्यंत डिलिव्हरी पुढे ढकलून मागितली, मिळाली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. जाताना आईलाही नेलं होतं, तिने अजून गाडी पाहिली नव्हती. प्लॅटफॉर्म वगैरे तिच्याशी कोणी काही बोललं नव्हतं. डिस्प्लेच्या गाडीचं मागचं डावं दार सीनियरने अदबीने उघडलं. आई आत शिरायला गेली, अर्ध्यात थांबली, गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "हे तेच दार आहे रे. तेरा वर्षं इथेच लागतंय मला."

मी जुन्या गाडीची चौकट घरी येऊन टेपने मोजली. खांबाच्या खालच्या कोपऱ्यापासून सीटच्या कडेपर्यंत, आणि आज दुपारी शोरूममधली. मिलिमीटरचाही फरक नाही.

आता गाडी पुन्हा शून्यातून शोधतोय. अट नवीन आहे: मागचं दार, आणि सत्तरीतली बाई गुडघा न आपटता बसली पाहिजे. सुचवा.

मीच_ती | शुक्रवार, रात्री ११.२२

ईकोचं सरकतं दार. (घाट वर्ज्य.)

कुर्ला_गेट | शनिवार, सकाळी ७.४०

बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कानाने कमी. दाराचा भाग दोनदा वाचायला लावला. म्हणाले, त्या बाईंना माझा नमस्कार सांग, आमच्या शॉपला असत्या तर तपासणीला त्यांनाच बसवलं असतं.